दाराचा माणूस

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. मी पालीला भिते, कुत्र्याला भिते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. आणि नोकरी मिळाली कुठे, तर शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात, क्लोरीनच्या खोलीत. आईने त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला होता.

खोली तशी लहानच. भिंतीला साखळ्यांनी बांधलेले माणसाएवढे पिवळे सिलिंडर, वर एक पंखा, आणि एकच दार. एक सिलिंडर संपला की त्याची नळी सोडवून भरलेल्या सिलिंडरला जोडायची. शिशाचा नवा वॉशर घालायचा, पान्याने आवळायचं, व्हॉल्व्ह जेमतेम उघडायचा आणि अमोनियाची बाटली आजूबाजूला फिरवायची. जिथे गळत असेल तिथे पांढरा धूर दिसतो. काम एवढंच. पण हा वायू छातीत गेला तर तिथे पाणी धरतं आणि माणूस कोरड्या फरशीवर बुडून मरतो. मी नोकरीला लागायच्या आधी एक जण तसा गेला होता. तो आत एकटाच होता आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर आमची संघटना हटून बसली. एक जण आत, एक जण दारात, त्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा करारच करून घेतला. त्या वर्षीच्या पगारवाढीवर पाणी सोडलं, तेव्हा कुठे दाराचा माणूस मिळाला. हे मला रेडिओने सांगितलं.

रेडिओ हाच माझा दाराचा माणूस. निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी त्रासलेला, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. दाराच्या माणसाने आत यायचं नसतं, काहीही झालं तरी. त्याने बाहेर उभं राहून बोलत राहायचं आणि आतल्याने उत्तरं देत राहायचं. हूं-हूं चालत नाही, अख्खं वाक्य बोलावं लागतं.

"काय गं, काल जाऊबाई काय टाकून बोलल्या?" असं तो सुरू करायचा. मी पाना फिरवत जाऊबाईंची सगळी कहाणी सांगायची. ती ऐन रंगात आली की मध्येच, "वॉशर नवा ना? दांडीपाशी बघितलंस?" दांडी म्हणजे व्हॉल्व्ह जिने फिरतो ती. मी बघायची, सांगायची, आणि पुन्हा जाऊबाई. माझ्या घरातली भांडणं ह्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

हे सगळं मी घरी येऊन सांगायची. म्हणजे मजेचं तेवढं सांगायची. भीती घरी न्यायची नाही असं मी पहिल्या पगारालाच ठरवलं होतं. आमचे हे हसून हसून बेजार व्हायचे.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नजरा तपासतात आणि संध्याकाळी बातम्या बघत सरकारवर डाफरतात. परवान्यासाठी एकेका कचेरीत घातलेले हेलपाटे त्यांच्या मनातून कधी गेलेच नाहीत. त्यामुळे नव्या कायद्याची बातमी आली तेव्हा ते उभेच राहिले. सरकारी नोकरांच्या संघटनेला ह्यापुढे फक्त पगारावर बोलणी करता येतील, बाकी माणसं किती, पाळ्या कशा, नियम कोणते, हे वरिष्ठ ठरवतील, असा तो कायदा. शहरात दुसरा विषयच उरला नाही. वाण्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, जो तो तावातावाने बोलत होता. कोणी म्हणायचं, ह्या लोकांचे लाड पुरे झाले. कोणी म्हणायचं, आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर. आमच्या जिन्यात तर दोन शेजारी एकमेकांकडे बघेनासे झाले.

मग नगरभवनात जनसुनावणी ठेवली. ज्याला बोलायचं त्याने माइकपाशी यायचं. मी मागच्या रांगेत रेडिओच्या शेजारी बसले होते, आणि बघते तर आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून पुढे निघालेले. घरी मला एका शब्दाने बोलले नव्हते.

"माझी बायको सरकारी नोकर आहे, तेव्हा मी ऐकीव सांगत नाही," ह्यांनी सुरुवात केली. "तिच्या खात्यात एक माणूस आहे. त्याचं काम काय? दारात उभं राहून गप्पा मारणं! जावांच्या भांडणापासून गुडघेदुखीपर्यंत, पूर्ण पाळीभर. माझ्याही दुकानात लोक येऊन गप्पा मारतात हो. मी देतो का त्यांना पगार?"

सभागृह खदखदून हसलं. सुनावणीच्या समितीतले लोक हसले, फोटो काढणारे हसले, आमच्याच रांगेतले एक-दोघे हसले. कानात कोणीतरी उकळतं ओतावं तसं मला झालं. रेडिओ गुडघे चोळत पुढे बघत होता.

"बोलतो मात्र छान हं तुझा नवरा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावता ऐकलं असेल. मी म्हटलं, "अहो, तो बोलायला उभा नसतो. तो ऐकायला उभा असतो!"

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. ह्या वायूचा वास पहिल्यांदा झोंबतो, पण हळूहळू गळत असेल तर नाक सरावतं आणि वास आहे हेच कळेनासं होतं. घसा मात्र लगेच धरतो. आवाज जाड होतो, वाक्य मध्ये तुटतं, आणि गंमत म्हणजे ज्याचं त्याला ते कळत नाही. बाहेरच्याला कळतं. म्हणून अख्खी वाक्यं. म्हणून जाऊबाई, म्हणून गुडघे. रेडिओने "बाहेर ये" म्हटलं की हातातला पाना टाकून बाहेर यायचं, का म्हणून विचारायचं नाही.

ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

तेही खरंच होतं. मी भांडण तिथेच सोडलं आणि भांडी घासायला घेतली.

पण बाण सुटला तो सुटलाच. ह्यांचं भाषण कोणीतरी मोबाइलवर टिपलं होतं, ते घरोघरी फिरलं. एका पुढाऱ्याने तर भर सभेत "गप्पांचा पगार" असे शब्द वापरून टाळ्या घेतल्या. ह्यांनी नंतर दुसरा व्हिडिओ काढला, माझी समजूत चुकली होती असा. त्यात ते सारखे अडखळत होते, आणि तो कोणी बघितलाही नाही.

कायदा झाला. आमच्या केंद्रात पहिला आदेश निघाला तो दाराचा माणूस बंद केल्याचा. रेडिओची बदली तक्रार खिडकीवर झाली, आणि तिथे म्हणे खिडकीतल्या माणसाने जास्त बोलायचं नसतं. आदेशात आणखी एक गोष्ट होती. ड्युटी नसताना कर्मचारी कामाच्या जागी आला, तर ते आंदोलन समजलं जाईल आणि त्याला घरी पाठवण्यात येईल. आता भिंतीवर गॅसचा सेन्सर आहे, गळती झाली की तो बोंबलतो, मग दारात माणूस हवाच कशाला, असं आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून समजावलं. साहेब वाईट नव्हते. समजावताना त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, एवढंच.

पहिल्यांदा एकटी आत गेले तो दिवस मला अजून स्वप्नात येतो. दार तेच, खोली तीच, पण मागे कोणी नाही. पंख्याची घरघर एवढी मोठी असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागले, जाऊबाईंना नावं ठेवायला लागले, पण आपलं आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं ह्याला काही अर्थ नसतो. वॉशर नवा घातला, आवळलं, जोडापाशी बाटली फिरवली, धूर नाही, आणि मी जी पळत सुटले ती थेट अंगणातल्या नळापाशी थांबले. असे बरेच दिवस गेले. भीती कमी होईल असं सगळे म्हणत होते. ती रोज नव्याने यायची, माझ्या आधी खोलीत जाऊन बसायची.

एका संध्याकाळी जेवताना मी ह्यांना मीठ मागितलं. ह्यांनी मिठाची बरणी उचलली आणि हात तसाच धरून ठेवला.

"पुन्हा बोल."

"काय पुन्हा बोल? मीठ द्या म्हटलं."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"जाड येतोय," ते म्हणाले. "आणि तू मध्येच थांबतेयस."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मला काहीच जाणवत नव्हतं. घसा नाही, खोकला नाही, काही नाही. मी दिवस डोळ्यांपुढे आणला. सकाळी नवा सिलिंडर लावला. जोडापाशी बाटली फिरवली. आणि दांडीपाशी? दांडीपाशी फिरवलीच नव्हती. इतकी वर्षं ते विचारणारा होता, म्हणून मी बघत होते. विचारणारा गेला आणि माझ्या डोक्यातून दांडीच गेली. दुपारी तिथेच उभी राहून फरशी पुसली होती, साखळ्या तपासल्या होत्या. म्हणजे त्या वायूत मी चांगली वावरले होते आणि सेन्सर हूं की चूं बोलला नव्हता.

मी साहेबांना फोन लावला.

"सेन्सर शांत आहे ना? मग काही नसणार," साहेब म्हणाले. "तुम्हाला सर्दी झाली असेल. सकाळी बघायला सांगतो कोणाला तरी."

कोणाला तरी म्हणजे पेन्सिलला. रात्रपाळीला त्या खोलीत कोणाला जावं लागत नाही, वायूच्या दाबाचे काटे बाहेरच्या काचेतून दिसतात. पण सकाळची पाळी पेन्सिलची होती, आणि मला सुट्टी होती. ही आमची नवी मुलगी, हडकुळी, म्हणून रेडिओनेच तिचं हे बारसं केलेलं. मला मावशी म्हणते. मी तिला फोन केला.

"आत जाऊ नकोस. दांडीपाशी गळतंय."

"मावशी, साहेबांनी सांगितलंय की सगळं ठीक आहे म्हणून. मी अजून कायम नाही झाले. नाही कसं म्हणू?"

"मी सांगते म्हणून म्हण."

"तुम्ही काय संघटना आहात का?" ती हसत म्हणाली. मग तिलाच कसंतरी वाटलं असावं. "मावशी, मला पण भीती वाटते हो. पण कोणाला सांगायचं ते?"

मी फोन ठेवला. सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठून साडी नेसले. हे दारात किल्ली घेऊन उभेच होते.

"नोकरी जाईल तुझी," ते म्हणाले.

"जाईल."

"मग मी जातो दारात. माझंच तोंड मेलं त्या दिवशी…"

"तुम्हाला फाटकातून आत कोण सोडतंय? स्कूटर काढा."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला रोजच्यासारखी ड्युटीवर आलेली समजून आत सोडलं. मी अंगणातून जवळजवळ धावतच गेले. खोलीचं दार उघडं होतं आणि पेन्सिल आत गेलेली होती.

मी दारात उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की रेडिओ एवढी वर्षं काय सोसत होता. आत असताना निदान हात तरी कामात असतात. दारात नुसतं उभं राहायचं. आत धावत जाऊन तिला ओढून आणावं असं प्रत्येक क्षणी वाटत होतं, आणि तेच करायचं नसतं. तसं करायला गेलेलीही तिथेच पडते.

"पेन्सिल! जेवायला काय आणलंस आज?"

"मावशी? तुम्ही कशा इथे?" आवाज ठीक होता. बारीक, नेहमीसारखा.

"आधी सांग."

"भाजी-पोळी. आईने सकाळी…"

"अख्खं बोल. कसली भाजी, आई काय म्हणाली, सगळं सांग. हातात काय आहे तुझ्या?"

"बाटली आहे, अमोनियाची. दांडीपाशी नेतेय. आई म्हणाली, दोन पोळ्या जास्त ने, हल्ली तू… हल्ली तू फार वाळलीस. मी म्हटलं, मला सगळे… मावशी, धूर आहे हो इथे. पांढरा. आवळून बघते."

"बाहेर ये."

"पाना लावलाय, एकदाच…"

तो शेवटचा शब्द तिचा नव्हताच. कोणा म्हाताऱ्या बाईचा असावा तसा आला.

"पेन्सिल, बाहेर ये!" मी किंचाळले.

पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी चौकट घट्ट धरून ठेवली होती, इतकी की नंतर नखाखालून रक्त आलं. मी बोलत राहिले. काय बोलले कोण जाणे, आईचं नाव घेतलं, पोळ्यांचं बोलले, इकडे ये, इकडे ये, माझ्या आवाजाकडे ये. आणि ती आली, भिंतीला धरून, डोळे मिटून, तोंडावर ओढणी दाबून. मी तिला वारा येत होता त्या बाजूला अंगणात नेऊन बसवलं आणि भोंग्याचं बटण दाबलं. सेन्सर अजूनही गप्पच होता.

व्हॉल्व्ह बंद करायला मास्क आणि पाठीवर हवेची टाकी लावून माणसं आली. साहेबांनी स्वतः ओरडून सांगितलं, "दोघे जा, दोघे! एकट्याने जाऊ नका!" मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते थांबले.

"आज तुमची ड्युटी नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

"मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

पेन्सिल वाचली. दोन दिवस दवाखान्यात होती, मग कामावर गेली. सेन्सर दुरुस्त केला, असं सांगतात. तिच्याबरोबर दारात उभं करायला माणूस मात्र मिळाला नाही, कारण तसा नियम आता नाही, आणि नियम मागायचा तर तो मागायलाच बंदी आहे. मला घरी पाठवलं. चौकशी चालू आहे. मला आता रोजच सुट्टी.

लोक म्हणतात, सुटलीस बाई त्या खोलीतून. खरंच सुटले. पण सकाळी सिलिंडर बदलायची वेळ झाली की मला घरात बसवत नाही. मी ओट्यापाशी उभी राहते आणि बोलायला लागते, जाऊबाई, भाजी, शेजाऱ्यांचा अबोला, जे सुचेल ते. ह्यांनी दुकान उशिरा उघडायला सुरुवात केली आहे. ते समोर खुर्चीवर बसतात आणि "मग?", "पुढे?" म्हणत राहतात. त्यांना हसू येत नाही आणि मलाही येत नाही. पेन्सिल बाहेर आली की फोन करते. "आले, मावशी," एवढंच म्हणते. मग मी चहा टाकते.

कधी ती विसरते. पोरगीच आहे ती, साहेबांनी हाक मारली की फोन राहतो. मग मीच लावते आणि ती उचलते.

आज ती वेळ होऊन गेली. मी दोनदा लावला. रिंग जाते आहे, ती उचलत नाही. रेडिओला तक्रार खिडकीवर फोन लावला, तोही उचलत नाही. मी बोलायची थांबले आहे, आणि "पुढे?" म्हणायला हे घरात नाहीत, केंद्राकडे निघायला खाली गेलेत. खाली स्कूटर सुरू होत नाहीये. हे पुन्हा पुन्हा किक मारतायत.